मरणाची व्याख्या : जपानांतील वाद आणि आपला कायदा

आपल्या मराठींत 'धुगधुगी' असा एक शब्द आहे. माणूस शेवटच्या घटकेला येऊन टेकला, हाकेला ओ देईना, डोळे उघडीना, तरी घरांतील एखादें जाणतें माणूस त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणतें, "अजून धुगधुगी आहे." एवढ्या एका शब्दानें घरांतील रडणें थांबतें आणि वैद्याकडे माणूस धांवतो. नाकाशीं सूत धरून श्वास पाहणें, मनगट चांचपून नाडी पाहणें, ही आपल्या वाडवडिलांची मरणाची परीक्षा होती. श्वास आणि हृदयाचा ठोका हे तिचे दोन साक्षीदार. एक थांबला कीं कांहीं क्षणांतच दुसरा थांबे. त्यामुळें यांपैकीं खरा साक्षीदार कोणता, हा प्रश्न हजारों वर्षें कोणाला पडला नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे दोन साक्षीदार एकमेकांपासून फुटले आणि मरणाविषयीं वाद उत्पन्न झाला. त्या वादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी वैद्य नव्हे. शाळेंत इतिहास शिकविलेला माणूस आहें. तेव्हां औषधोपचाराविषयीं न बोलतां, एकाच वर्षीं एकाच प्रश्नाला सामोरे गेलेले दोन देश, म्हणजे जपान व हिंदुस्थान, पुढें कोणकोणत्या वाटांनीं गेले, आणि त्यांतून आपल्या घरापर्यंत काय येऊन पोंचलें, एवढेंच पाहूं.

प्रथम यंत्राची हकीकत. १९५२ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरीं पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरून मरूं लागले. तेव्हां इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें गळ्याला छिद्र पाडून त्यांत नळी बसविण्याची आणि रबरी पिशवी हातानें दाबून हवा पुरविण्याची युक्ति योजिली. वैद्यकीचे विद्यार्थी आळीपाळीनें रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले. पुढें हेंच काम व्हेंटिलेटर हें यंत्र करूं लागलें व त्यानें असंख्य जीव वांचविले. परंतु कांहीं रोग्यांच्या ठायीं एक विलक्षण अवस्था दिसूं लागली. १९५९ सालीं मोलारे व गूलों या फ्रेंच वैद्यांनीं तिचें वर्णन केलें. मेंदूचें कार्य सर्वस्वीं संपलेलें, स्वतःचा श्वास मुळींच नाहीं. पण यंत्राच्या श्वासावर हृदय मात्र चालू.

असें कां होतें? हृदयाचा ठोका हृदयांतच उत्पन्न होतो. प्राणवायु मिळत राहिला तर मेंदूच्या आज्ञेवांचूनहि तें कांहीं काळ चालतें. श्वासाची गोष्ट तशी नाहीं. मेंदूच्या तळाशीं, मज्जारज्जूला जोडणारा, देठासारखा एक भाग आहे. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वासाची आज्ञा तेथून सुटते. तो देठच कायमचा निकामी झाला म्हणजे आपला श्वास आपण घेणें संपलें, आणि शुद्धीवर येणेंहि संपलें. दीर्घ बेशुद्धि ही याहून निराळी. तींत हा देठ जिवंत असतो आणि रोगी पुष्कळदां स्वतःच श्वास घेतो. येथें मात्र अंग ऊन आहे, छाती खालींवर होते आहे, नाडी लागते आहे, आणि वैद्य सांगतो कीं माणूस गेला.

ही अवस्था इस्पितळापुरतीच राहिली असती तर वाद एवढा वाढला नसता. पण ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं एका माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें, आणि मरणाची घटका केव्हां मानावी या प्रश्नाला एकदम निकड आली. थांबून निकामी झालेलें हृदय उपयोगी पडत नाहीं. आणि जिवंत माणसाचें हृदय काढणें हा तर खून.

यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली. जगांतील ती सहावी व आशियांतील पहिली. याच रुग्णालयांत १९६५ सालीं मृताच्या मूत्रपिंडाचें आरोपणहि झालेलें होतें. सेनांचा रोगी तीन तासांच्या आंत दगावला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं दुसरा प्रयत्न केला. तो रोगीहि चौदा तासांपलीकडे जगला नाहीं. या दोहोंच्या मध्यें, ५ ऑगस्ट १९६८ रोजीं, अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें मेंदूच्या मरणाच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं, ८ ऑगस्टला, जपानच्या उत्तरेकडील सप्पोरो शहरीं डॉ. जुरो वाडा यांनीं समुद्रांत बुडालेल्या एका तरुणाचें हृदय अठरा वर्षांच्या मुलाच्या छातींत बसविलें.

येथून पुढें दोन देशांच्या वाटा निराळ्या झाल्या.

सप्पोरोचा तो मुलगा ८३ दिवस जगला. आरंभीं जपानभर जयजयकार झाला. मुलगा गेल्यावर मात्र शंका निघूं लागल्या. बुडालेल्या तरुणाचा मेंदू खरोखर मेला होता काय? तशी परीक्षा केल्याची नोंद कोठें आहे? ज्याला हृदय दिलें त्याला त्याची खरोखर गरज होती काय? आणि सर्वांत टोंचणारी शंका ही कीं, एकाला मृत ठरविणारा आणि दुसऱ्यासाठीं त्याचें हृदय घेणारा शल्यवैद्य एकच कसा? वाडांवर मनुष्यवधाची फिर्याद झाली. १९७० सालीं पुराव्याअभावीं खटला न भरण्याचें ठरलें. पण लोकांच्या मनांतील फिर्याद कांहीं निकालांत निघाली नाहीं. त्यानंतर जपानांत दुसरें हृदयारोपण होण्यास १९९९ सालचा फेब्रुवारी उजाडावा लागला. एकतीस वर्षें!

या एकतीस वर्षांत त्या राष्ट्रानें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. त्यानें वाद घातला. १९८५ सालीं सरकारी समितीनें कसोट्या ठरविल्या. पत्रकारांनीं ग्रंथ लिहून त्या कसोट्यांची चिरफाड केली. १९९० सालीं पंतप्रधानांच्या विनंतीनें एक आयोग बसला. त्यांत वैद्यांबरोबर तत्त्वज्ञहि होते. १९९२ च्या जानेवारींत आयोगानें बहुमतानें मेंदूचें मरण हें मरण मानलें. परंतु उमेहारा ताकेशी या तत्त्वचिंतकासह कांहीं सभासदांनीं विरुद्ध मत नोंदविलें, आणि तेंहि अहवालांतच प्रसिद्ध झालें.

विरोध करणाऱ्यांचें म्हणणें काय होतें? त्या देशांत कन्फ्यूशियसच्या परंपरेंतून आलेली शिकवण अशी कीं, देह हा आईबापांनीं दिलेला. त्याला इजा न होऊं देणें हा पुत्रधर्माचा आरंभ. मृताचा देह धडधाकट परलोकीं जावा, ही भावना त्यांतूनच येते. दुसरें असें कीं, मरण हा एक क्षण नसून एक प्रवास आहे. घरच्यांनीं उशाशीं बसून त्याला सोबत करावयाची, आणि त्यांना पटेल तेव्हां तें पुरें व्हावयाचें. बौद्ध विचार दोन्ही बाजूंनीं पुढें आला. कोणी म्हणालें, प्राण केवळ मेंदूंत कोंडतां येत नाहीं. कोणी म्हणालें, बोधिसत्त्वाच्या दानासारखें दुसरें पुण्य नाहीं. तेव्हां 'जपानी लोक परंपरावादी, म्हणून त्यांनीं विरोध केला' असें एका वाक्यांत उरकतां येणार नाहीं. त्या विरोधांत परंपरेइतकाच सप्पोरोचा अविश्वास होता. वैद्यावरचा विश्वास उडाला म्हणजे धर्म आठवतो. विश्वास असला म्हणजे धर्माचा अर्थहि उदार होतो.

या वादांतील एक पुस्तक विशेष गाजलें. यानागिदा कुनिओ हे वैद्यकावर लिहिणारे नामवंत लेखक. १९९३ सालीं त्यांच्या स्वतःच्या तरुण मुलाचा मेंदू मृत झाला. अकरा दिवस ते त्याच्याजवळ बसले. पुढें १९९५ सालीं त्यांनीं त्या दिवसांवर ग्रंथ लिहिला. आजवर आपण जें मरण लिहीत आलों तें परक्याचें होतें, आणि हें निराळें, असा त्यांचा अनुभव. तो त्यांनीं व्याकरणाच्या भाषेंत मांडला. मरण तीन पुरुषीं असतें. 'मी मरेन' हें प्रथमपुरुषी, 'तो मेला' हें तृतीयपुरुषी, आणि 'तूं गेलास' हें द्वितीयपुरुषी. तिन्हींचें क्रियापद एकच. पण अर्थ एक नाहीं. मुलाचा मेंदू संपला हें बुद्धीला पटलें असूनहि बापाला व भावाला त्याचा निरोप घेण्यास दिवस लागले. मुलाला दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची इच्छा होती, हें जाणून त्यांनीं त्याचीं मूत्रपिंडें दिलीं. पण हृदय थांबल्यानंतर.

शेवटीं १९९७ सालीं जपाननें कायदा केला, आणि तो जगावेगळा केला. ज्यानें जिवंतपणीं स्वतः लिहून ठेवलें असेल व ज्याच्या कुटुंबाचाहि विरोध नसेल, त्याच्याच बाबतींत दानापुरतें मेंदूचें मरण हें मरण. इतरांचें जुन्या रीतीनें, हृदय थांबल्यावर. इतक्या कडक अटींमुळें दानें अगदींच थोडीं झालीं आणि जपानी रोगी परदेशीं जाऊं लागले. तेव्हां २००९ सालीं कायदा बदलून, २०१० च्या जुलैपासून, मृताची इच्छा ठाऊक नसल्यास कुटुंबाची संमति पुरेशी मानण्यांत आली, व लहान मुलांचेंहि दान शक्य झालें.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईच्या दोन प्रयत्नांनंतर आपल्याकडे असा वाद झाला नाहीं. रोगी जगले नाहींत, विषय मागें पडला. कायदे झाले ते एकेका अवयवापुरते. मुंबई राज्यांत १९५७ सालीं डोळ्यांच्या बुबुळांविषयीं झाला. महाराष्ट्रांत १९८२ सालीं मूत्रपिंडांविषयीं झाला. पुढें एक निराळीच आपत्ति उभी राहिली. मूत्रपिंडाच्या आरोपणाची विद्या स्थिरावतांच गरीब माणसाचें मूत्रपिंड विकत घेण्याचा बाजार मुंबई, मद्रास अशा शहरांत सुरू झाला. या व्यापाराची देशोदेशीं नाचक्की झाली. १९९१ सालीं डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें अहवाल दिला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळें, घटनेच्या २५२ व्या कलमाप्रमाणें महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम याच तीन राज्यांत अंमलांत आला. मराठी बोलणारीं दोन राज्यें या कायद्याच्या उगमाशींच आहेत, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असते.

या कायद्यानें दोन कामें केलीं. अवयवांची विक्री हा गुन्हा ठरविला. आणि त्याच पोटांत मस्तिष्कस्तंभाचें मरण हें मरण मानलें. पहिल्या कामाचा गाजावाजा झाला. दुसरें काम मात्र मरणाच्या अर्थाला हात घालणारें असूनहि जवळजवळ निमूटपणें पार पडलें. गल्लींत, देवळांत, विहारांत, शाळेंत त्यावर कोणी वाद घातला नाहीं. कायदा वाईट झाला असें मी म्हणत नाहीं; उलट सप्पोरोंत जी शंका निघाली तिचा बंदोबस्त त्यांत आहे. मरणाचा निर्णय चार वैद्यांनीं करावयाचा: रुग्णालयाचा प्रमुख वैद्य, एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूचा एक तज्ज्ञ आणि उपचार करणारा वैद्य. अवयव बसविणाऱ्यांपैकीं कोणी त्यांत बसावयाचा नाहीं. सर्व परीक्षा निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां करावयाच्या. २०११ च्या दुरुस्तीनें, मेंदूचा तज्ज्ञ जेथें मिळत नाहीं तेथें शल्यवैद्य, भिषग्वर्य किंवा भूलतज्ज्ञ यांनाहि त्याच्या जागीं बसण्याची सोय केली. लहान गांवांच्या दृष्टीनें ही मोठी गोष्ट आहे.

या परीक्षांतील शेवटची परीक्षा ऐकून आपणांस नवल वाटेल. प्राणवायु पुरवीत ठेवून यंत्राचा श्वास कांहीं मिनिटें बंद करतात, आणि छाती आपण होऊन एकदां तरी हलते काय, हें पाहतात. म्हणजे पुन्हा श्वासच! आजीबाईनें नाकाशीं सूत धरून जो प्रश्न विचारला तोच वैद्य विचारतो. फरक एवढाच कीं, हा श्वास माणसाचा कीं यंत्राचा, हें तो आधीं निवडून घेतो. ही एक गोष्ट आम्हां सामान्य जनांस कोणी वेळेवर सांगितली असती, तर 'धुगधुगी' या शब्दाशीं नव्या विद्येचें इतकें वांकडें आलें नसतें.

परंतु वाद न घातल्याची किंमत आपण निराळ्या रीतीनें देत आहों. आपल्या जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा मरणाची व्याख्या करतांना मेंदूचा उल्लेख करीत नाहीं. तो उल्लेख आहे प्रत्यारोपणाच्या कायद्यांत. त्यामुळें मेंदूच्या मरणाचा प्रश्न बहुधा दानाच्या प्रश्नाला बांधूनच घरच्यांपुढें येतो. घरच्यांनीं नकार दिला तर यंत्र काढावें कीं काय, याविषयीं वैद्य कचरतात. केरळ राज्यानें २०२० सालीं या दोन गोष्टी वेगळ्या करणारे नियम केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. 'माणूस गेला' आणि 'अवयव द्याल काय' हीं दोन वाक्यें एका दमांत ऐकूं आलीं कीं, दुसऱ्यासाठीं पहिलें बोललें जात आहे असा संशय कोणाच्याहि मनांत येईल. सप्पोरोचा संशय याच जातीचा होता.

आमच्या भंडारा जिल्ह्याला जपान तसा फार दूर नाहीं. वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें प्राचीन स्तूपांचे अवशेष आहेत. आणि पवनीजवळ रुयाड येथें महासमाधिभूमीचा नवा भव्य स्तूप उभा आहे. त्याच्याशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें ते भदंत संघरत्न माणके लहानपणींच जपानला जाऊन तेथील हिएई पर्वतावरील तेंदाई परंपरेंत शिकले. त्या आवारांत उभें राहिलें कीं, या दोन देशांच्या दानकथा एकाच झऱ्याच्या आहेत हें मनाला जाणवतें. शिबी राजा जातकांत आपले डोळे देतो, महाभारतांत पारव्यासाठीं आपलें मांस तोलून देतो. दधीचि ऋषि देवांना आपल्या अस्थि देतो. अवयवदानाच्या सभांत या दोघांचे दाखले नेहमीं दिले जातात, आणि ते योग्यच आहेत. पण त्यांत एक भेद राहून जातो. शिबीनें स्वतःचे डोळे दिले. दधीचीनें स्वतःचीं हाडें दिलीं. त्यांचें दान प्रथमपुरुषी. इस्पितळाच्या ओसरींत उभ्या असलेल्या बापाला मात्र मुलाचें हृदय मागितलें जातें. शिबीच्या आईला कोणी विचारलें होतें काय, हें पुराण सांगत नाहीं. आपला कायदा तृतीयपुरुषांत लिहिलेला आहे. प्रश्न विचारला जातो तो द्वितीयपुरुषांत. ही दरी व्याख्यानांनीं बुजत नाहीं. ती बुजविण्याचा एकच मार्ग आहे. जाणाऱ्यानें आपला प्रथमपुरुष आधींच बोलून ठेवावा.

आणि तो बोलण्याची गरज दूरच्या लोकांनाच आहे असें नव्हे. भंडारा, साकोली या गांवांवरून मुंबई-कलकत्ता हमरस्ता जातो. डोक्याला मार लागलेला अपघाती माणूस पुष्कळदां तरुण व धडधाकट असतो. त्याला साठ-पासष्ट किलोमीटरांवरील नागपुरास नेतात. विदर्भापुरती अवयवांची वांटणी पाहणारें विभागीय केंद्र तेथेंच आहे. घरचीं माणसें धानाची कापणी टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशीं तेथें पोंचलेलीं असतात. मेंदूचें मरण हा शब्द तीं त्या दिवशीं प्रथमच ऐकतात, आणि थोड्या तासांत निर्णय मागितला जातो. अशा घरानें 'नाहीं' म्हटलें तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. यानागिदांसारख्या जाणत्याला जे अकरा दिवस लागले, ते त्या शेतकऱ्याला कोण देणार?

आतां थोडा हिशेब पाहूं. २०२३ सालीं सबंध भारतांत मरणोत्तर अवयवदात्यांची संख्या प्रथमच एक हजाराच्या वर गेली. एकशेंचाळीस कोटींच्या देशांत हें प्रमाण दहा लाखांमागें एकाहूनहि कमी. जपानांत १९९७ च्या कायद्यानंतरचा हजारावा मेंदुमृत दाता त्याच २०२३ सालीं नोंदला गेला. म्हणजे त्यांना सव्वीस वर्षें लागलीं. पण त्यांची वस्ती साडेबारा कोटींच्या आंत, हें ध्यानांत घेतां आज त्यांचें वार्षिक प्रमाण आपल्याहून मागें नाहीं. वाद घालीत बसलेला मागें राहिला आणि निमूटपणें कायदा करणारा पुढें गेला, असें झालेलें नाहीं. दोघेहि जवळजवळ एकाच जागीं आहेत.

आणि मरणोत्तर दान थोडें, म्हणून आपल्याकडील बहुतेक मूत्रपिंडें व यकृताचे तुकडे जिवंत माणसांकडून येतात. देणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची, घेणाऱ्यांत पुरुषांची. आई देते, बायको देते. मृताच्या देहाविषयीं आपण जो विचार टाळतों, त्याचें ओझें असें जिवंत स्त्रीच्या देहावर जाऊन पडतें. 'देहाची विटंबना नको' म्हणणाऱ्यांनीं हाहि देहच आहे, हें विसरूं नये.

तेव्हां, श्रोतेहो, जपानच्या इतिहासापासून घ्यावयाचा धडा मला असा दिसतो. मरण कशाला म्हणावें हें वैद्य सांगतील आणि कायदा लिहील. पण तें मरण मानावयाचें असतें घराला. घर तें मानावयास वेळ घेतें, आणि तो वेळ इस्पितळाच्या ओसरींत मिळत नाहीं. तो आधींच काढून ठेवावा लागतो. आपल्या घरांत लग्नकार्याचीं बोलणीं होतात, शेताच्या वाटण्यांचीं होतात. म्हाताऱ्यांच्या औषधांचीं तर रोजच होतात. त्यांतच एकदां, कोणीहि आजारी नसतांना, सर्वांनीं एकत्र बसून हेंहि बोलणें व्हावें. 'माझ्यावर अशी वेळ आली तर द्या', किंवा 'देऊं नका', यांपैकीं जें मनाला पटेल तें ज्यानें त्यानें आपल्या तोंडानें सांगावें. कागदावर लिहिलें तर उत्तमच. पण घरच्यांनीं कानांनीं ऐकलेलें असणें हें अधिक महत्त्वाचें. मग ती वेळ आलीच, तर आईबापांना स्वतः ठरवावें लागणार नाहीं. मुलाचा शब्द पाळावयाचा एवढेंच त्यांच्याकडे उरेल. शब्द पाळणें आपल्या लोकांना कठीण जात नाहीं.